‘टेक’चे अर्थ आणि समानार्थी शब्द: कोणता कुठे बसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘टेक’ या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ कोणते, त्याचे समानार्थी शब्द कोणते, आणि लिहिताना तोच तोच ‘टेक’ येऊ नये म्हणून त्या जागी ‘रिसीव्ह’, ‘अ‍ॅक्सेप्ट’, ‘ग्रॅब’, ‘सीझ’ असे शब्द आलटून पालटून घातले तर चालते का?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देते. चालत नाही. यातला प्रत्येक शब्द ‘घेतले’ एवढे तर सांगतोच, पण कसे घेतले हेही सांगतो, आणि ते ‘कसे’ चुकले की वाक्याचा अर्थच फिरतो. ‘पोलिसांनी कागदपत्रे स्वीकारली’ आणि ‘पोलिसांनी कागदपत्रे जप्त केली’ ही वाक्ये आपण मराठीत कधीच एकमेकांच्या जागी ठेवणार नाही. इंग्रजी लिहिताना मात्र ‘अ‍ॅक्सेप्ट’ आणि ‘सीझ’ एकाच यादीत शेजारी शेजारी दिसले म्हणून कुठलाही एक उचलतो. मी अनेक वर्षे अनुवाद करते आणि इंग्रजी शिकवते. विद्यार्थ्यांच्या वह्यांत आणि अनुवादाच्या मसुद्यांत सर्वांत जास्त लाल खुणा ज्या क्रियापदाभोवती कराव्या लागतात ते हेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुळात ‘टेक’ ही हाताची क्रिया आहे. समोर एक वस्तू आहे, ती मी स्वतःहून उचलली आणि माझ्या ताब्यात आणली. यात दोन गोष्टी एकदम घडतात: वस्तूवर ताबा येतो आणि वस्तू जागची हलते. ‘टेक’चे बहुतेक अर्थ या दोहोंपैकी एकातून फुटलेले आहेत. ताब्याच्या बाजूने गेलो की घेणे, पकडणे, स्वीकारणे, जिंकणे, बळकावणे, सोसणे इथपर्यंत पोचतो. हालचालीच्या बाजूने गेलो की नेणे, पोचवणे, काढून टाकणे, वजा करणे. मराठीने या दोन बाजूंना दोन स्वतंत्र क्रियापदे दिली आहेत, घेणे आणि नेणे. इंग्रजीने दोन्ही एकाच शब्दात ठेवली. म्हणून ‘टेक द अम्ब्रेला’ याचे मराठी ‘छत्री घे’ असेही होते आणि ‘छत्री घेऊन जा’ असेही. संदर्भ हातात नसेल तर यातले एक निवडायचे धाडस करू नये.

‘नेणे’ची बाजू मराठी माणसाला सोपी जाते. ‘टेक’ आणि ‘ब्रिंग’ यांचे नाते जवळजवळ नेणे आणि आणणे यांच्यासारखेच आहे. बोलणाऱ्यापासून दूर गेले तर नेले, जवळ आले तर आणले. ऐकणाऱ्याच्या घरी जाताना आपण ‘येताना पुस्तक घेऊन येईन’ म्हणतो, तिथे इंग्रजीतही ‘ब्रिंग’च येते. ‘फेच’ म्हणजे तिकडे जाऊन वस्तू घेऊन परत येणे, दोन्ही खेपा एका शब्दात. ‘कॅरी’त दिशा नसते, तिथे लक्ष ओझ्यावर असते. या चार शब्दांत मराठी विद्यार्थी क्वचितच अडतो. अडतो तो ‘घेणे’च्या बाजूला.

त्याकडे वळण्याआधी या शब्दाचा इतिहास थोडा पाहू, कारण समानार्थी शब्दांची एवढी गर्दी का झाली ते त्यातून कळते. ‘टेक’ हा इंग्रजीचा मूळचा शब्द नाही. जुन्या इंग्रजीत घेण्यासाठी ‘निमन’ हे क्रियापद होते. त्याची भावंडे जर्मन आणि डच भाषांत आजही रोजच्या वापरात आहेत. आठव्या शतकाच्या अखेरीपासून स्कँडिनेव्हियातले व्हायकिंग इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरू लागले. ७९३ साली लिंडिसफार्नच्या मठावर झालेला त्यांचा हल्ला प्रसिद्ध आहे. पुढे त्यांच्यातले बरेच जण तिथेच वसले, शेती करू लागले, स्थानिकांशी सोयरिकी झाल्या, आणि त्यांच्या नॉर्स भाषेतले ‘ताका’ इंग्रजीत रुजले. काही शतकांत त्याने ‘निमन’ला पुरते हुसकावून लावले. ‘निंबल’ म्हणजे चपळ आणि ‘नम्ब’ म्हणजे बधिर, या दोन शब्दांत त्या जुन्या क्रियापदाचा अंश उरला आहे. चपळ तो, जो चटकन घेतो. बधिर तो अवयव, ज्याची संवेदना काढून घेतली गेली आहे. याच नॉर्स भाषेकडून इंग्रजीने ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामेसुद्धा घेतली. एखाद्या भाषेने सर्वनामे उसनी घ्यावीत इतकी जवळीक फार कमी ठिकाणी दिसते.

त्यानंतर १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबाराची, न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली. ‘रिसीव्ह’, ‘अ‍ॅक्सेप्ट’, ‘ऑब्टेन’, ‘सीझ’ हे शब्द त्या वाटेने आले. ‘सीझ’ तर मुळात जमिनीच्या ताब्याचा कायदेशीर शब्द होता. पुढे विद्वानांनी लॅटिनमधून थेट आणखी शब्द घेतले. अशा रीतीने घेण्याची इंग्रजीत दोन घरे झाली. बोलण्यातले घर ‘टेक’, ‘गेट’ यांचे, आणि दप्तरातले घर ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘अ‍ॅक्वायर’ यांचे. मराठीतही ‘घेणे’, ‘मिळवणे’ वेगळे आणि ‘ग्रहण करणे’, ‘प्राप्त करणे’ वेगळे, तसेच हे. ‘रिसीव्ह’, ‘अ‍ॅक्सेप्ट’, ‘परसीव्ह’, ‘कन्सीव्ह’, ‘डिसीव्ह’, ‘कॅप्चर’ या सगळ्यांच्या मुळाशी ‘कापेरे’ हे एकच लॅटिन क्रियापद आहे, अर्थ पकडणे. आपल्याकडे ‘ग्रह्’ धातूने हेच काम केले: ग्रहण, संग्रह, आग्रह, अनुग्रह, विग्रह, आणि खुद्द मराठी ‘घेणे’सुद्धा त्याच कुळातले. हाताने धरण्यावरून मनाने समजण्याकडे जाणे दोन्हीकडे सारखेच झाले. ‘विषयावर पकड आली’ असे आपण म्हणतो, तिथे इंग्रजीत ‘ग्रास्प’ येते.

आता ‘घेणे’. इथे मला सर्वांत जास्त सांगायचे आहे.

‘टेक’ म्हणजे घेणे हे समीकरण शाळेत इतके घट्ट बसते की मराठीत जिथे ‘घेणे’ दिसेल तिथे इंग्रजीत ‘टेक’ उतरतो. कितीतरी ठिकाणी ते बरोबरही येते: श्वास घेणे, शपथ घेणे, जबाबदारी घेणे, पुढाकार घेणे, दखल घेणे, सुट्टी घेणे, औषध घेणे. औषधाच्या बाबतीत उलट काळजी लागते. आपण ‘गोळी खाल्ली’, ‘औषध प्यायलो’ असेही म्हणतो, पण इंग्रजीत गोळी ‘ईट’ होत नाही आणि औषध शक्यतो ‘ड्रिंक’ होत नाही. दोन्ही ‘टेक’च.

फसगत होते ती पुढच्या शब्दांत. मुलाखत घेणे याला नुसते ‘इंटरव्ह्यू’ हे क्रियापद पुरते. ‘दे इंटरव्ह्यूड मी’ म्हटले की झाले, त्याच्या पुढे ‘टेक’ लावला की वाक्य परके वाटते. सभा घेणे म्हणजे ‘होल्ड’. शोध घेणे म्हणजे ‘सर्च’. संशय घेणे म्हणजे ‘सस्पेक्ट’. विकत घेणे म्हणजे ‘बाय’. शिक्षण घेणे याला ‘स्टडी’ किंवा ‘गेट अ‍ॅन एज्युकेशन’. आक्षेप घेणे म्हणजे ‘ऑब्जेक्ट’ किंवा ‘रेझ अ‍ॅन ऑब्जेक्शन’. ‘टेक एक्सेप्शन’ असाही प्रयोग आहे, पण त्यात बोलणे मनाला लागल्याची, दुखावल्याची छटा आहे, तेव्हा तो जपून वापरावा. निर्णयासोबत ‘मेक’ आणि ‘टेक’ दोन्ही चालतात. अमेरिकेत ‘मेक’ जवळजवळ सार्वत्रिक आहे, ब्रिटनमध्ये दोन्ही ऐकू येतात. त्यामुळे ‘टेक अ डिसिजन’ला चूक म्हणून खोडणाऱ्यांशी मी सहमत नाही.

परीक्षेचे उदाहरण तर स्वतंत्र परिच्छेदाच्या योग्यतेचे आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतात. इंग्रजीत बरोबर उलटे: विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो, शिक्षक ‘गिव्ह’ करतात. मराठीच्या नजरेतून परीक्षा म्हणजे विद्यार्थ्याकडून काहीतरी काढून घेणे, त्याने ते द्यायचे. इंग्रजीच्या नजरेतून परीक्षा म्हणजे समोर ठेवलेली एक गोष्ट, ती विद्यार्थ्याने अंगावर घ्यायची. त्यामुळे ‘आय गेव्ह माय एक्झॅम’ हे वाक्य ऐकणाऱ्या इंग्रजी माणसाला तुम्ही शिक्षक आहात असे वाटू शकते. अर्जात, मुलाखतीत ही चूक महागात पडते. ब्रिटिश इंग्रजीत ‘सिट अ‍ॅन एक्झॅम’ असाही प्रयोग आहे आणि तो आपल्या ‘परीक्षेला बसणे’शी अगदी जुळतो. ज्यांना ‘टेक’ आणि ‘गिव्ह’मध्ये गोंधळ होतो त्यांनी तो बिनधास्त वापरावा.

काही ठिकाणी मराठीत ‘घेणे’ नसते आणि इंग्रजीत मात्र ‘टेक’ असतो. फोटो आपण काढतो, इंग्रजीत तो ‘टेक’ होतो. चित्रही आपण काढतो, पण ते ‘ड्रॉ’ होते. सूड आपण घेतो किंवा उगवतो, तिथे ‘टेक’ चालतो. धोका आपण पत्करतो, तिथे ‘टेक अ रिस्क’. अंघोळ आपण करतो, तिथे अमेरिकेत ‘टेक अ बाथ’, ब्रिटनमध्ये बहुधा ‘हॅव अ बाथ’. चहा आपण ‘घेतो’, पण आजच्या इंग्रजीत चहा, जेवण, न्याहारी यांना ‘हॅव’ जास्त सहज वाटते. चहात साखर घेता का, असे विचारताना मात्र ‘टेक’ अजून रूढ आहे. याला सरळ नियम नाही. क्रियापद कुठले येणार हे शेजारचे नाम ठरवते, म्हणून नाम आणि क्रियापद अशी जोडीच पाठ करावी, सुटे शब्द पाठ करू नयेत.

आणखी एक ‘घेणे’ आहे, ज्याचे ‘टेक’शी काहीच देणेघेणे नाही. जेवून घे, समजून घे, करून घे, पाहून घे. इथे ‘घेणे’ मुख्य क्रियेच्या मागे उभे राहून एवढेच सांगते की ही क्रिया करणाऱ्याच्या स्वतःच्या फायद्यासाठी किंवा वेळेत आटोपण्यासाठी आहे. नवखा अनुवादक ‘समजून घेतले’मधल्या ‘घेतले’साठीही इंग्रजीत जागा शोधत बसतो. ती नसते. ‘समजून घे’ म्हणजे ‘ट्राय टु अंडरस्टँड’, ‘काम करून घे’ म्हणजे प्रसंगानुसार ‘गेट इट डन’. मराठीतली ही बारीक छटा इंग्रजीत बरेचदा सुटते, आणि ती सुटू देणे हाच चांगला अनुवाद असतो.

‘लागणे’कडेही लक्ष द्यावे लागते. ‘मला पोचायला दोन तास लागले’ याचे ‘इट टुक मी टू अवर्स’ असे होते. इंग्रजीतले ते ‘इट’ काहीच दाखवत नाही, फक्त कर्त्याची जागा भरते. वेळ, पैसा, धैर्य, मेहनत जे जे लागते ते सगळे याच साच्यात बसते. ‘याला धैर्य लागते’ म्हणजे ‘इट टेक्स करेज’. इथे समानार्थी शब्द ‘रिक्वायर’ किंवा ‘नीड’. कर्ता बदलून ‘आय टुक टू अवर्स’ म्हटले तर तेही व्याकरणाने शुद्ध आहे, पण भार बदलतो. पहिल्या वाक्यात कामालाच तेवढा वेळ लागणार होता, दुसऱ्यात मी तेवढा वेळ घेतला. उशिराचे कारण सांगताना कुठले वाक्य निवडता यावर ऐकणारा तुमच्याबद्दल मत बनवतो.

याच ओघात ‘टेक प्लेस’. अर्थ घडणे, होणे. आपल्याकडे ‘कार्यक्रम घेण्यात आला’ असे छापले जाते, त्या सवयीने इंग्रजीत ‘वॉज टेकन प्लेस’ लिहिले जाते. हे साफ चूक. ‘घडवला गेला’ आणि ‘घडला’ यांत जो फरक, तोच इथे. ‘टुक प्लेस’ एवढेच लिहायचे.

आता समानार्थी शब्द. यादी पाठ करण्यापेक्षा शब्द निवडताना मी स्वतःला काही प्रश्न विचारते, आणि ते सांगणे जास्त उपयोगाचे वाटते. समोर देणारा होता का? त्याची मर्जी होती का? घेणाऱ्याने धडपड केली का, किती? आणि घेण्याचा अधिकार त्याला होता का?

देणारा होता आणि वस्तू आपल्यापर्यंत आली, तर ‘रिसीव्ह’. यात घेणाऱ्याने काही केलेच पाहिजे असे नाही. पत्र दारात येऊन पडले तरी ते ‘रिसीव्ह’ झाले. ‘अ‍ॅक्सेप्ट’मध्ये मनाचा होकार लागतो. म्हणून नोकरीचा प्रस्ताव ‘रिसीव्ह’ करून ‘अ‍ॅक्सेप्ट’ न करणे शक्य आहे. मराठीत मिळणे आणि स्वीकारणे. ‘टेक’ या दोघांत ‘अ‍ॅक्सेप्ट’च्या जवळ आहे. ‘शी टुक द जॉब’ म्हणजे तिने ती नोकरी पत्करली. पण ‘तुमचे पत्र मिळाले’ हे सांगताना ‘आय टुक युअर लेटर’ लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल की त्याच्या टेबलावरचे पत्र तुम्ही उचलून नेले. कार्यालयीन पत्रव्यवहारात हा एक शब्द केवढा गैरसमज करू शकतो हे यावरून दिसेल.

धडपड करून, प्रयत्नाने मिळवले तर ‘ऑब्टेन’: परवानगी, माहिती, दाखला. हा शब्द औपचारिक आहे, मित्राशी बोलताना ‘गेट’च बरा. हळूहळू, काळाच्या ओघात आपलेसे झाले तर ‘अ‍ॅक्वायर’: कौशल्य, सवय, मालमत्ता. एका कंपनीने दुसरी विकत घेतली की तिथेही ‘अ‍ॅक्वायर’. ‘सिक्युअर’मध्ये मिळवून पक्के केल्याचा भाव आहे, ‘प्रोक्युअर’मध्ये खटपट करून कुठून तरी आणल्याचा, आणि सरकारी खरेदीत तोच शब्द चालतो. ‘गेट’ मात्र सगळीकडे शिरतो. त्याच्यात इच्छा असो वा नसो चालते, म्हणून सर्दीही ‘गेट’ होते आणि बक्षीसही.

वेग आणि जोर आला की दुसरा गट. ‘ग्रॅब’ म्हणजे झटकन, काहीसे ओबडधोबडपणे घेणे. ‘स्नॅच’ म्हणजे हिसकावणे. यात वस्तू कुणाच्या तरी हातातून जाते. ‘ग्रास्प’ म्हणजे घट्ट धरणे, ‘क्लच’ म्हणजे भीतीने किंवा वेदनेने कवटाळणे. ‘सीझ’मध्ये जोरासोबत सत्ता किंवा निर्धार असतो. पोलीस माल ‘सीझ’ करतात, सैन्य शहर ‘सीझ’ करते, माणूस संधी ‘सीझ’ करतो. बोलीत ‘ग्रॅब’ अलीकडे फार सौम्य झाला आहे. ‘ग्रॅब अ सीट’ म्हणजे बसा, जागा घ्या. त्यात कुणी कुणाला ढकलत नाही. पण औपचारिक लेखनात ‘त्यांनी पदभार ग्रॅब केला’ असे लिहिले की त्याचा अर्थ पद बळकावले असाच होणार. पदभार ‘अझ्यूम’ होतो किंवा ‘टेक ओव्हर’ होतो.

‘कॅच’ आणि ‘कॅप्चर’ दोन्हींत आधी काहीतरी हलत, निसटत असते. चेंडू, चोर, बस, ताप ‘कॅच’ होतात. ‘कॅप्चर’मध्ये पाठलाग किंवा लढाई करून कैद करणे आहे, आणि त्यावरूनच छायाचित्रात एखादा क्षण ‘कॅप्चर’ होतो. ‘कॅच’ आणि ‘चेस’ म्हणजे पाठलाग करणे, हे दोन शब्द एकाच लॅटिन मुळातून फ्रेंचच्या दोन बोलींमार्फत आले. एकात पाठलाग राहिला, दुसऱ्यात पकड. शब्दाच्या पातळीवरचा फरक बघायचा असेल तर बुद्धिबळाचा पट घ्या. नियमांच्या पुस्तकात सोंगटी मारण्याला ‘कॅप्चर’ म्हणतात. खेळाडू बोलताना म्हणतात ‘नाइट टेक्स बिशप’. मराठीत आपण म्हणतो घोड्याने उंट मारला. कृती तीच, पण नियमाला नेमका शब्द लागतो, खेळणाऱ्याला छोटा लागतो आणि मराठीला युद्धाचा. अनुवादकाने इथे ‘घोड्याने उंट घेतला’ असे लिहिले तर कुठल्याही खेळणाऱ्याला ते खटकेल. क्रिकेटमध्ये मात्र विकेट ‘घेतली’, एकेरी धाव ‘घेतली’ असे ‘टेक’ आणि ‘घेणे’ हातात हात घालून चालतात.

अधिकाराने घेतले तर ‘कॉन्फिस्केट’, म्हणजे जप्त करणे. अधिकार नसताना सत्ता किंवा गादी घेतली तर ‘युझर्प’, बळकावणे. विश्वासाने सोपवलेला पैसा खाल्ला तर ‘एम्बेझल’, अपहार. धमकावून काढला तर ‘एक्स्टॉर्ट’, उकळणे. ‘स्टील’ आणि ‘रॉब’ यांत एक व्याकरणाचा फरक आहे जो फार जण चुकवतात: ‘स्टील’चे कर्म वस्तू असते, ‘रॉब’चे कर्म माणूस किंवा जागा. पैसे ‘स्टील’ होतात, बँक ‘रॉब’ होते. मराठीत चोरणे आणि लुटणे यांचेही असेच आहे. बँक कुणी चोरत नाही. ‘रॉब’ आणि ‘रोब’ म्हणजे झगा, यांचे मूळ एक आहे, कारण लुटीत अंगावरचे उंची कपडे हा मोठा ऐवज असे. आणि ‘लूट’ हा शब्द तर इंग्रजीने अठराव्या शतकात हिंदीतूनच घेतला. तो आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

मर्जीचा मुद्दा अनुवादात किती नाजूक होतो ते एका वाक्यात दाखवते: ‘दे टुक द लँड’. हे ‘त्यांनी जमीन घेतली’ असे लिहिले तर मराठी वाचकाला वाटेल खरेदी झाली. ‘बळकावली’ लिहिले तर अन्याय झाला. ‘ताब्यात घेतली’ लिहिले तर सरकारी किंवा लष्करी कारवाई वाटते. ‘संपादित केली’ म्हटले तर कायद्याने, मोबदला देऊन. इंग्रजी लेखकाने ‘टेक’ लिहून या चारही वाटा उघड्या ठेवलेल्या असतात, कधी अजाणता, कधी मुद्दाम. इथे मी आधीची दोन पाने पुन्हा वाचते. अर्थ तिथूनही ठरत नसेल तर ‘जमीन घेतली’ एवढेच ठेवते आणि स्वतःच्या मनाने अन्याय किंवा न्याय घुसडत नाही.

समानार्थी यादीत सहसा न दिसणारे काही अर्थ राहिले. सोसणे: ‘आय कान्ट टेक इट’, आता सहन होत नाही, इथे ‘बेअर’, ‘स्टँड’, ‘एन्ड्युअर’. मावणे: ‘या सभागृहात दोनशे माणसे मावतात’ याला ‘द हॉल टेक्स टू हंड्रेड’. समजणे: ‘आय टेक इट’ म्हणजे मी असे धरून चालतो. बातमी ऐकून कुणी कसे वागले, हेही ‘टेक’च: तिने ते शांतपणे घेतले, त्याने मनाला लावून घेतले. एक मला फार आवडणारा अर्थ म्हणजे कर्माशिवायचा ‘टेक’. कलम केले आणि ते ‘टुक’, म्हणजे कलम धरले. कापडावर रंग धरला, तिथेही तोच. मराठीतही ‘धरणे’ हे मुळात हाताचेच क्रियापद, आणि झाडाच्या बाबतीत दोन्ही भाषांनी हात नसलेल्या फांदीला धरायला लावले.

वाक्प्रचार सगळे देत बसत नाही, कारण त्यातले अर्थ शब्दकोशात नीट मिळतात. ज्यांत गोंधळ होतो तेवढे सांगते. ‘टेक ऑफ’ म्हणजे कपडे, चप्पल काढणे आणि विमानाने उड्डाण करणे. दोन्हींत एका पृष्ठभागापासून सुटणे आहे, तिथून व्यवसायाने उचल खाणे आले. ‘टेक इन’चे चार अर्थ आहेत आणि चारही आत घेण्याचे: माहिती डोक्यात घेणे, निराधाराला घरात घेणे, सैल कपड्याची शिवण आत घेणे, आणि फसवणे. फसवण्याचा अर्थ बहुधा कर्मणी येतो, ‘आय वॉज टेकन इन’, आणि नवखा वाचक तिथे हमखास ‘मला आत नेले’ असे वाचतो. ‘टेक ऑन’ म्हणजे काम अंगावर घेणे किंवा प्रतिस्पर्ध्याशी भिडणे. ‘टेक अप’ म्हणजे छंद किंवा विषय हाती घेणे. ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईच्या किंवा वडिलांच्या वळणावर जाणे, आणि हे वडीलधाऱ्यांपुरतेच. मित्राच्या सवयी उचलल्या तर चालत नाही. ‘टेक टु’ म्हणजे एखादी व्यक्ती किंवा गोष्ट पाहता पाहता आवडू लागणे.

‘टेक अ‍ॅडव्हान्टेज ऑफ’ जपून. त्याच्या पुढे संधी आली तर फायदा घेणे, माणूस आला तर बहुधा गैरफायदा. ‘आमच्या शिक्षकांच्या अनुभवाचा लाभ घ्या’ याचे शब्दशः इंग्रजी करताना शिक्षक जर कर्म झाले तर भलताच अर्थ होतो. तिथे ‘बेनिफिट फ्रॉम’ सुरक्षित.

‘मिस्टेक’, ‘अंडरटेक’, ‘ओव्हरटेक’ यांत ‘टेक’ डोळ्यांना दिसतोच. ‘पार्टेक’ची घडण मात्र उलटी आहे: आधी ‘पार्ट टेकर’ म्हणजे वाटा घेणारा, त्याचा ‘पार्टेकर’ झाला, आणि त्यातून मागाहून क्रियापद कापून काढले. नाम म्हणून ‘टेक’ चित्रीकरणातला एकेका खेपेचा भाग दाखवतो. ‘माय टेक’ म्हणजे या विषयाकडे मी कसे पाहतो. हा दुसरा प्रयोग बोलण्यात ठीक, प्रबंधात नको.

शेवटी शब्दकोशाबद्दल, कारण गोंधळाचे एक मूळ तिथेही आहे. शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी कोशांत सर्वांत जास्त वापरातला अर्थ आधी येतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या ऐतिहासिक कोशात सर्वांत जुना अर्थ आधी येतो, मग तो आज कुणी वापरत असो वा नसो. दोन्हींत पहिल्या क्रमांकाचा अर्थ पाहिला तर वेगवेगळे उत्तर मिळू शकते. समानार्थी कोशात तर क्रमाला बहुतेकदा काहीच अर्थ नसतो. तिथे मिळालेला शब्द मी थेट वाक्यात घालत नाही. तो शिकणाऱ्यांच्या कोशात पुन्हा शोधते, त्याखालची उदाहरणवाक्ये वाचते, आणि त्या वाक्यांत कर्म म्हणून कोणकोणती नामे आली आहेत ते पाहते. माझे नाम त्यांच्या जातीचे असेल तर शब्द घेते. नसेल तर ‘टेक’ तसाच ठेवते, परिच्छेदात तो तिसऱ्यांदा येत असला तरी.